पेन्सिलच्या लीडवर लेव्होडोपा मोजायचा तर: तालुक्याच्या प्रयोगशाळेसाठी अमिनो आम्लाचा सेन्सर

औषधातलं अमिनो आम्ल मोजायचं म्हटलं की आधी एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र) नाव निघतं. ते यंत्र नागपूर-अमरावतीत सापडतं. तालुक्याच्या कॉलेजात ते आलं तरी कॉलम, शुद्ध सॉल्व्हंट आणि एसी खोलीच्या खर्चापायी बहुधा झाकून राहतं. म्हणून एम.एस्सी. किंवा बी.फार्म.ची पोरं प्रोजेक्टसाठी विद्युतरासायनिक सेन्सरकडे (पदार्थ इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन सोडतो तो करंट मोजणारं साधन) वळतात. मग इंटरनेटवरचे शोधनिबंध वाचून सर, ग्राफिन पाहिजे, सोन्याचे नॅनोकण पाहिजेत, असं सुरू होतं. माझं मत विचाराल तर यातलं काहीही आधी घेऊ नका. स्टेशनरीच्या दुकानातली लीड, एक साधा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि शिस्तीत केलेलं स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच शुद्ध पदार्थ मोजून घालत जायची पद्धत) एवढ्यावर कंपवाताच्या लेव्होडोपा गोळीतला आकडा काढता येतो. नंतर अडलंच, तर काय कमी पडतंय हे नीट कळलेलं असतं आणि पैसा त्याच गोष्टीवर लावता येतो.

कोणतं अमिनो आम्ल?

सगळा खेळ या निवडीवर आहे. साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर प्रत्येक अमिनो आम्ल दिसत नाही. ज्याच्या बाजूच्या साखळीत सहज इलेक्ट्रॉन सोडणारा गट आहे तेच दिसतं: टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, मेथिओनिन आणि थोडं ओढूनताणून हिस्टिडिन. ग्लायसिन, ॲलॅनिन, लायसिन यांच्यासमोर पेन्सिलची लीड आंधळी आहे.

आपल्याकडे सिकलसेलमुळे ग्लुटामाइनची चौकशी बरीच होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात तो आजार घराघरांतून माहीत आहे, आणि एल-ग्लुटामाइनला सिकलसेलसाठी अमेरिकेत जुलै २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ग्लुटामाइन साध्या कार्बनवर थेट दिसत नाही. त्यासाठी ग्लुटामिनेज आणि ग्लुटामेट ऑक्सिडेज ही दोन एन्झाइमं इलेक्ट्रोडवर बसवून, त्यातून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावं लागतं. एन्झाइमं महाग आणि फ्रिजमध्येच टिकणारी. दिवसातून चारदा लाईन जाते तिथे हा पहिला प्रोजेक्ट होऊ शकत नाही.

कफ पातळ करणारी ६०० मिलिग्रॅमची ॲसिटिलसिस्टीनची फसफसणारी गोळी कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. पण साध्या कार्बनवर तिचा थायॉल (गंधक-हायड्रोजनचा) गट सुस्त असतो, शिखर (व्होल्टेज-करंटच्या आलेखातला उंचवटा) पसरट येतं. कोबाल्ट थॅलोसायनिनसारखा मध्यस्थ लागतो. तिच्यासाठी सेन्सर बांधण्याआधी बी.एस्सी.तलं आयोडीन टायट्रेशन करा. ०.०५ मोलर आयोडीनचा १ मिली म्हणजे १६.३२ मिलिग्रॅम ॲसिटिलसिस्टीन. गोळीत व्हिटॅमिन सी घातलेलं असेल तर तेही आयोडीन खातं, एवढं वेष्टनावर वाचून घ्या.

पहिल्या कामासाठी मी लेव्होडोपा सुचवतो. कंपवाताचं हे औषध मुळात अमिनो आम्लच आहे: टायरोसिनला आणखी एक हायड्रॉक्सिल गट. त्यातला कॅटेकॉल (शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेलं वलय) इतक्या सहज दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतो की कोऱ्या लीडवरही टोकदार शिखर मिळतं. शिवाय ते आपल्या रानात उगवतं. खाजकुयलीच्या बियांतून एल-डोपा वेगळा केल्याचं दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. बियांत त्याचं प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असतं, आणि कवचबीज चूर्ण म्हणून ते कोणत्याही आयुर्वेदिक दुकानात मिळतं. एकाच सेन्सरला दोन नमुने मिळाले: एक चूर्ण, एक गोळी.

सामान

पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरलेला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) लागणारच, त्याला पर्याय नाही. विद्यापीठाच्या विभागातून काही दिवसांसाठी मागून आणता येतो. नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना हाताशी धरून खुल्या आराखड्यावरून बांधता येतो. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा विद्यापीठातून २०११ मध्ये आलेला चीपस्टॅटचा आराखडा त्यासाठीच आहे. यंत्रात सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे नेऊन परत आणणं) आणि डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज छोट्या धक्क्यांनी वाढवणं; पुढे डीपीव्ही) या दोन पद्धती असल्या की झालं.

बाकी यादी छोटी आहे. ०.५ मिमी एचबी लीड आणि धातूच्या टोकाची एक लीड पेन्सिल, ड्रॉइंगची २ मिमी जाड लीड, चांदीची तार, पोटॅशियम क्लोराइड, सोडियम ॲसिटेट, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, हायड्रोक्लोरिक ॲसिड, शुद्ध लेव्होडोपा, २५ मिलीचे बीकर आणि फ्लास्क, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू. लीडची डबी एकाच कंपनीची, शक्यतो एकाच लॉटची घ्या. प्रत्येक कंपनीच्या लीडमधला बाइंडर वेगळा असतो आणि डबी बदलली की करंट बदलतो.

लीडचा इलेक्ट्रोड

लीड पेन्सिलच्या धातूच्या टोकावर तांब्याची तार घट्ट गुंडाळा, जमलं तर सोल्डरचा टाका मारा. तारेपासून लीडच्या दुसऱ्या टोकापर्यंत मल्टिमीटरनं रोध पाहा. आकडा थोडेच ओहम आणि स्थिर असावा. पेन्सिल हलवल्यावर तो उड्या मारत असेल तर आतली पकड सैल आहे.

आता लीड बाहेर काढा आणि टोकापासून बरोबर १० मिमीवर नेलपॉलिशचं एक बारीक कडं द्या. त्याच्या वरच्या भागालाही पॉलिश लावा. हे कडं महत्त्वाचं, कारण द्रावण लीडवरून वर चढतं आणि किती भाग ओला झाला ते डोळ्यांना कळत नाही. १० मिमी बुडालेल्या ०.५ मिमी लीडचं क्षेत्रफळ ०.१५९ चौरस सेंमी भरतं. एक मिलिमीटर कमीजास्त झाला की क्षेत्रफळ जवळजवळ १० टक्क्यांनी बदलतं आणि शिखरही तेवढंच. पॉलिश वाळायला पुरता वेळ द्या. घाई केली तर त्याचं सॉल्व्हंट पसरून खालच्या भागावर अदृश्य थर बसतो.

वाळल्यावर खालचा भाग साध्या पांढऱ्या कागदावर फिरवत हलकेच घासा. कागदावर राखाडी रेघा उमटतात, लीडची चकाकी जाऊन ती एकसारखी मंद दिसू लागते. मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, आणि त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही.

यंत्र +१.४ व्होल्टपर्यंत जात असेल तर ॲसिटेट बफरमध्ये +१.४ व्होल्टला ६० सेकंद ठेवून पृष्ठभाग जागा करता येतो. हे काम पोटॅशियम क्लोराइड नसलेल्या बफरमध्येच करा. क्लोराइड असेल तर या व्होल्टेजला क्लोरीन तयार होतो आणि तो पुढे लेव्होडोपालाच खातो. काही स्वस्त यंत्रं एक व्होल्टच्या पुढे जात नाहीत. तिथे ही पायरी सोडली तरी चालतं, फक्त मग ती सगळ्याच लीडना सोडा.

एक लीड एकाच नमुन्याला. लेव्होडोपाचं ऑक्सिडेशन झालं की पुढे मेलॅनिनसारखे काळपट पदार्थ बनतात आणि लीडवर चिकटतात. काचेसारख्या महागड्या कार्बन इलेक्ट्रोडला हा मळ काढायला ॲल्युमिनावर घासत बसावं लागतं. इथे लीड फेकायची आणि नवी घ्यायची.

रेफरन्स आणि काउंटर

काउंटरला (करंटचं वर्तुळ पूर्ण करणारा इलेक्ट्रोड) २ मिमीची लीड पुरते. तिचा बुडालेला भाग काम करणाऱ्या लीडपेक्षा चांगला मोठा ठेवा.

रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो स्थिर इलेक्ट्रोड) विकत घेतलेला असेल तर उत्तम. घरी करायचा तर सराफाकडून शुद्ध चांदीची तार मागा आणि शुद्ध हा शब्द दोनदा उच्चारा. पैंजणाच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं, ते आपल्याला चालत नाही. तार बारीक पॉलिश पेपरनं घासून सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवा. तिच्यावर जांभळट-तपकिरी थर चढतो. तो सिल्व्हर क्लोराइड. ड्रॉपरच्या काचेच्या नळीच्या टोकात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये शिजवलेलं ३ टक्के अगर सेंटिमीटरभर ओढून घट्ट होऊ द्या (किराणा दुकानातला चायना ग्रासही चालतो). वर तेच ३ मोलर द्रावण भरा आणि त्यात तार सोडा. काम झालं की टोक पोटॅशियम क्लोराइडमध्येच बुडवून ठेवा, कोरडं पडू देऊ नका.

तार थेट नमुन्यात बुडवण्याचा मोह होतो. तो आवरा. या रेफरन्सचा व्होल्टेज भोवतालच्या क्लोराइडवर ठरतो: ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत +०.२१० व्होल्ट, ०.१ मोलरमध्ये +०.२८८. म्हणजे शिखर जवळजवळ ८० मिलिव्होल्ट सरकतं, आणि आपण मात्र नवंच कायतरी सापडलं म्हणून खूश.

पाणी, बफर, स्टँडर्ड

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना क्लोराइड काय असतं ते सांगायला नको, चहालाच कळतं. इतर ठिकाणच्या बोअरचं पाणीही जडच. आरओच्या पाण्यावर भागत नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून पाहा. दुधाळ झाक आली तर तो कॅन बॅटरीलाच जाऊ द्या. पाण्यातलं लोह आणि तांबं लेव्होडोपाचं ऑक्सिडेशन वाढवतं, त्यासाठीही पाणी स्वच्छ हवं.

बफर: ६.८० ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, २.९ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ७.४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून १ लिटर करा. हा ०.१ मोलर ॲसिटेट बफर, पीएच ४.७ च्या आसपास. लीड जागी करायला यातलंच पण पोटॅशियम क्लोराइड न घातलेलं २०० मिली वेगळं करून ठेवा. पीएच ७ का नाही? तिथेही शिखर येतं, पण लेव्होडोपाच्या ऑक्सिडेशननं बनलेला डोपाक्विनोन लगेच स्वतःवरच वळून डोपाक्रोम बनवतो आणि लीड लवकर मळते. आम्लात ती पुढची साखळी मंदावते.

स्टँडर्ड: लेव्होडोपाचा रेणुभार १९७.१९. ४९.३ मिलिग्रॅम घेऊन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये २५ मिली करा, की १० मिलिमोलर साठा तयार. नुसत्या पाण्यात हा पदार्थ कुरकुरत विरघळतो, आम्लात सहज. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, रोज ताजा करा. द्रावणाला गुलाबी किंवा तपकिरी छटा दिसली की ते ओतून द्या.

मायक्रोपिपेट असेल तर १० मिली बफरमध्ये या साठ्याचे १० मायक्रोलिटर म्हणजे १० मायक्रोमोलर, हिशेब तोंडपाठ होतो. नसेल तर साठा दहापट पातळ करा आणि १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजनं मोजा. तिचं एक युनिट १० मायक्रोलिटरचं, पण दोन-तीन युनिटांवर भरवसा नको; २० युनिट म्हणजे ०.२ मिली घ्या. त्यानं बीकरमधलं द्रव प्रत्येक वेळी २ टक्क्यांनी वाढतं, म्हणून प्रत्येक करंटला नव्या आकारमानानं गुणून मूळ आकारमानानं भागायचं. सिरिंज खरी आहे का, ते तराजूवर पाणी टाकून एकदा तपासा.

सेन्सर जिवंत आहे का

लेव्होडोपा घालण्याआधी एक तपासणी. १०० मिली ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३२.९ मिलिग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड घाला, म्हणजे १ मिलिमोलर झालं. +०.६ व्होल्टवरून –०.१ पर्यंत आणि परत, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंदानं सायक्लिक व्होल्टॅमेट्री घ्या. जाताना एक शिखर, येताना एक. दोन्हींतलं अंतर तत्त्वतः ५९ मिलिव्होल्ट. पेन्सिलवर १०० च्या आत असलं तरी काम करायला हरकत नाही. १० मिमी लीडसाठी रँडल्स-सेव्हचिक समीकरणानं (क्षेत्रफळ, प्रमाण आणि स्कॅनच्या वेगावरून शिखराचा करंट सांगणारं) करंट सुमारे २६ मायक्रोअँपिअर यायला हवा. अर्धाच आला तर पॉलिश खाली ओघळलंय, दीडपट आला तर कड्यातून द्रावण वर शिरतंय. फेरीसायनाइडचं उरलेलं द्रावण ॲसिडच्या बाटलीत ओतू नका; तीव्र आम्लात आणि उष्णतेत त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

या तपासणीला एक लीड खर्ची पडते. पडू द्या. डबीतून मधूनच एखादी उचलून पुन्हा करत राहा.

मग डीपीव्ही. सुरुवात ० व्होल्ट, शेवट +०.७, पल्स ५० मिलिव्होल्ट आणि ५० मिलिसेकंद, पायरी ५ मिलिव्होल्ट. आधी नुसत्या बफरमध्ये स्कॅन घ्या. रेघ सपाट किंवा हळूहळू चढणारी असावी. तिच्यावर टेंगूळ असेल तर बीकर, पाणी किंवा लीड यांपैकी काहीतरी घाण आहे, ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. त्यानंतर ५० मायक्रोमोलर लेव्होडोपा घाला, काचेच्या कांडीनं ढवळा, अर्धा मिनिट शांत होऊ द्या आणि स्कॅन. +०.३ ते +०.४५ व्होल्टच्या दरम्यान एकच टोकदार डोंगर उभा राहतो. त्याची उंची पायथ्यापासून मोजायची, शून्यापासून नाही. पायथा म्हणजे शिखराच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागांना जोडणारी सरळ रेघ. ती दर वेळी त्याच दोन व्होल्टेजांवरून काढायची, डोळ्यांच्या अंदाजानं नाही.

आता त्याच द्रावणात, त्याच लीडवर, काहीही न घालता लागोपाठ चार स्कॅन घ्या. उंची हळूहळू घसरेल. पहिल्या आणि चौथ्यात थोडासा फरक असेल तर चला पुढे. घसरण मोठी असेल तर तेवढी चूक स्टँडर्ड ॲडिशनमध्ये शिरणार. अशा वेळी प्रत्येक स्कॅननंतर ढवळणं वाढवा, नाहीतर बफर थोडा आणखी आम्ल करा. पीएच एकानं उतरला की शिखर ५९ मिलिव्होल्ट पुढे जातं, ते लक्षात ठेवून शोधा.

नमुना

सुरुवात कवचबीज चूर्णानं करा. का ते खाली येतंच. चूर्ण दुकानातून आणा. शेंगा तोडायला पोरांना रानात पाठवू नका, त्यांच्यावरची कुसं एकदा अंगाला लागली की प्रयोग बाजूला राहतो. ०.५ ग्रॅम चूर्ण ५० मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अर्धा तास हलवा, गाळा. चूर्णात ४ टक्के एल-डोपा असेल तर हे द्रावण २ मिलिमोलरच्या आसपास येतं. त्याचे २०० मायक्रोलिटर १० मिली बफरला पुरतात. पाकिटावर शोधित असं लिहिलं असेल तर आकडा कमी येऊ शकतो, कारण बिया दुधात-पाण्यात उकळताना एल-डोपा त्यात उतरतो. बियांतली प्रथिनंही लीडला चिकटतात, तेव्हा दर खेपेला नवी लीड.

गोळी चिठ्ठीवर मिळणारी आहे, ती कॉलेजच्या पत्रावर आणि फार्मसीवाल्या सहकाऱ्याच्या मदतीनं मिळवा. कुणा पेशंटच्या पाकिटातली उचलू नका. बाजारात लेव्होडोपा कार्बिडोपाबरोबर येतो, उदाहरणार्थ १०० मिलिग्रॅमला १० किंवा २५० ला २५; आपला हिशेब या दहास एक प्रमाणाचा. वीस गोळ्या एकत्र वजन करा, सरासरी काढा, खलात बारीक करा. ५० मिलिग्रॅम लेव्होडोपा भरेल एवढी पूड २५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १५ मिनिटं हलवून गाळा. तळाशी पांढरा गाळ राहतो. तो स्टार्च-सेल्युलोजसारख्या भरावाचा, त्याची काळजी नको.

स्टँडर्ड ॲडिशन आणि हिशेब

शुद्ध स्टँडर्डची सरळ रेघ काढायची आणि नमुना तिच्यावर वाचायचा, ही पुस्तकी पद्धत इथे फसते. आज सकाळची लीड आणि दुपारची लीड सारखी नसते, सकाळची खोली आणि दुपारची खोली तर नाहीच. स्टँडर्ड नमुन्यातच घातला की लीड, तापमान, भराव सगळं दोघांनाही सारखंच लागू होतं.

१० मिली बफरमध्ये गोळीच्या द्रावणाचे ४० मायक्रोलिटर घाला, स्कॅन. मग १० मिलिमोलर साठ्याचे २० मायक्रोलिटर, स्कॅन. असं तीनदा. म्हणजे २०, ४०, ६० मायक्रोमोलरची भर पडली. एकूण १०० च्या फार पुढे जाऊ नका, लीडवर अधिशोषण होतं (रेणू पृष्ठभागाला चिकटतात) आणि रेघ वाकते.

समजा शिखरं २.३४, ३.५४, ४.७४ आणि ५.९४ मायक्रोअँपिअर आली. उतार ०.०६ मायक्रोअँपिअर प्रति मायक्रोमोलर. २.३४ भागिले ०.०६ म्हणजे बीकरमध्ये ३९ मायक्रोमोलर. बीकरचं आकारमान १०.०४ मिली, त्यातले ४० मायक्रोलिटर आपले, म्हणून गोळीचं द्रावण ९.७९ मिलिमोलर. २५ मिलीत ०.२४५ मिलिमोल, म्हणजे ४८.३ मिलिग्रॅम. लेबलप्रमाणे ५० हवे होते: ९६.५ टक्के. अमेरिकी फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) या गोळीची मर्यादा ९० ते ११०, म्हणजे पास. प्रोजेक्टच्या वहीत इथेच लाल रेघ मारून समारोप केलेला दिसतो, आणि इथेच गडबड आहे.

कार्बिडोपा

स्टँडर्ड ॲडिशन उतार दुरुस्त करतं. त्याच व्होल्टेजला दुसरा कुणी इलेक्ट्रॉन सोडत असेल तर त्याला ते पकडत नाही. कार्बिडोपामध्येही कॅटेकॉल आहे, कोऱ्या कार्बनवर त्याचं शिखर लेव्होडोपाच्या शिखरात मिसळतं, वर त्याला हायड्राझिनचा गट आहे, जो स्वतःही इलेक्ट्रॉन सोडू शकतो. आपल्या ५० मिलिग्रॅममागे ५ मिलिग्रॅम कार्बिडोपा, रेणुभार २२६.२, म्हणजे ०.०२२ मिलिमोल. तो लेव्होडोपाइतकाच करंट देतो असं धरलं तर ०.२४५ मधून ०.०२२ वजा करा: ०.२२३ मिलिमोल, ४३.९ मिलिग्रॅम, सुमारे ८८ टक्के. पास झालेली गोळी नापास झाली, आणि अजून हायड्राझिनचा हिशेब धरलेलाच नाही.

यातून वाटा तीन. शुद्ध कार्बिडोपा मिळवून त्याचा उतार वेगळा काढा आणि लेबलवरच्या प्रमाणानं वजा करा. अंदाज बरा होतो, पण कार्बिडोपा लेबलइतकाच आहे हे गृहीतच राहतं. दुसरी, दोन वेगळ्या लॉटच्या गोळ्यांची एकमेकींशी तुलना करा आणि आकड्याला एकूण कॅटेकॉल असंच नाव द्या. तिसरी, इलेक्ट्रोडवर असा काही थर बसवा की दोन शिखरं फुटून वेगळी होतील. नॅनो मंडळींना आत घ्यायचं ते इथे, कारण आता त्यांच्याकडून काय हवंय ते नेमकं ठाऊक आहे. एम.एस्सी.च्या एका सत्रासाठी मी दुसरी वाट निवडेन. आणि म्हणूनच सुरुवात चूर्णानं: त्यात कार्बिडोपा नाही. इतर फिनॉल असतात, पण कार्बिडोपासारखा नेमका जुळा नसतो.

व्हिटॅमिन सी दुसरा उपद्रवी. गोळीत बहुधा नसतं, चूर्णाच्या तयार मिश्रणात आवळा असला की येतंच. म्हणून एकट्या कवचबीजाचं चूर्ण घ्या.

शोधनिबंधांत नॅनोमोलरपर्यंतच्या शोधमर्यादेची (ओळखता येणारं सगळ्यांत कमी प्रमाण) फुशारकी असते. आपण गोळीचं द्रावण अडीचशे पट पातळ करून मोजतोय, तिथे ती मर्यादा काय कामाची? रीतीसाठी काढा: कोऱ्या बफरचे सात स्कॅन, शिखराच्या जागच्या करंटचं प्रमाण विचलन गुणिले ३.३ भागिले उतार. पण खरा कस सहा वेगळ्या लीडवर तोच नमुना मोजण्यात आहे. सहा उत्तरांतला सापेक्ष फरक ५ टक्क्यांच्या आत आला तर सेन्सर चांगला जमला.

ऊन, कूलर आणि लाईन

मे महिन्यात खोली सकाळी ३० अंशांवर आणि दुपारी ४२ वर असते. द्रावणात रेणू सरकण्याचा वेग दर अंशामागे २ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे सकाळच्या रेघेवर दुपारचा नमुना वाचला तर बाराएक टक्के चूक, कारण शिखर या वेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. चारही स्कॅन एका बैठकीत संपवा, बीकर पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, तापमान लिहा. शक्यतो सकाळीच उरका.

कूलर बंद. त्याचा वारा बीकरमधलं द्रावण हलवतो आणि शिखराला दातरे पडतात, पंखाही तसाच. दोन मिनिटं घाम आला तरी चालेल. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करा. ५० हर्ट्झची गुणगुण जाते आणि स्कॅनच्या मधेच लाईन गेली तरी नुकसान नाही. तरीही रेघ थरथरत असेल तर तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा रिकामा डबा घासूनपुसून बीकरवर पालथा घाला आणि त्याला यंत्राच्या ग्राउंडची तार जोडा. दिसायला हास्यास्पद, पण रेघ शांत होते.

आकडा हाती आल्यावर

वहीत आकड्यासोबत लीडची कंपनी आणि लॉट, तापमान, बफरचा पीएच, गोळीचा बॅच नंबर आणि सगळे कच्चे स्कॅन ठेवा. वापरलेली आम्ल द्रावणं खायचा सोडा घालून, फसफसणं थांबल्यावर टाका.

गोळी कमी भरली म्हणून मेडिकलवाल्याशी भांडायला जायचं नाही, आणि कंपवाताच्या कोणत्याही पेशंटनं या आकड्यावरून डोस बदलायचा नाही. चूर्ण गोळीऐवजी घेणं तर मुळीच नाही. शंका खरी वाटली तर रस्ता कायद्यात आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे औषध विकत घेणारी कोणतीही व्यक्ती ठरलेली फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकते आणि त्याचा सही केलेला अहवाल मागू शकते. त्यासाठी खरेदीची पावती आणि न फोडलेली पाकिटं लागतील. म्हणून सेन्सरसाठी गोळ्या घेतानाच त्याच बॅचची दोन पाकिटं जास्तीची घेऊन थंड, अंधाऱ्या जागी ठेवून द्या, पावतीसकट.